समुद्रातला तो मार्ग कोणी आखला

नॅपकिनपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण दंतकथाही तिथूनच सुरू होते.

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाने आमच्याच कंपनीतल्या एका गृहस्थांच्या निधनानंतर जी स्मरणिका काढली, तिच्यात त्यांच्यावर तीन लेख आहेत. पहिल्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात असे छापले आहे, की पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला स्वस्त इंटरनेट मिळवून देणाऱ्या समुद्राखालच्या केबलचा मार्ग त्यांनी बुओना व्हिस्टा भागातल्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी पिता पिता, कागदी नॅपकिनवर आखला. लेखिका सिंगापूरची नागरिक आहे. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये नॅपकिन मिळत नाही, हे तिला ठाऊक नसावे याचे मला आश्चर्य वाटते. इथे जो तो खिशात टिश्यूचे पाकीट घेऊन हिंडतो, तेच टेबलावर टाकून जागा धरतो, आणि त्या टिश्यूवर बॉलपेनाने रेघ ओढू गेले तर रेघ उमटण्याआधी टिश्यू फाटतो. त्यावर हिंदी महासागर मावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मार्ग मी आखला.

समुद्राचा तळ म्हणजे घरातल्या हौदाचा तळ नव्हे. तिथे दऱ्या आहेत, घसरणारे उतार आहेत, जहाजे नांगर टाकतात त्या जागा आहेत, आणि मासेमारीची अवजड जाळी तळ खरवडत जातात असे पट्टे आहेत. बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढी जाड केबल, तिच्या पोटात केसासारखे काचेचे धागे. ती या सगळ्यातून सुखरूप न्यायची असते. हे काम कॉफी पिता पिता होत नाही. मी ते वर्षानुवर्षे केले आहे, आणि माझी दृष्टी अधू झाली ती त्या नकाशांपायी. स्मरणिकेत माझा उल्लेख आहे. ‘त्यांचे एक सहकारी’ असा.

खरे तर माझ्याकडेही लेख मागण्यात आला होता. संपादक म्हणून नेमलेल्या तरुणाचा फोन आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, बोलण्यात अदब आहे. म्हणाला, “काका, तुम्ही त्यांचे असिस्टंट होतात ना? दोन पानं आठवणी द्या ना प्लीज.” मी फोन ठेवून दिला. आता स्मरणिका छापून झाली आहे, तेव्हा दोन पानांचे बंधनही उरलेले नाही.

हे लिहायला बसलो, तेव्हा सौभाग्यवतींनी दारातून विचारले, “अहो, हे त्यांच्यावर लिहिताय, की त्यांच्याविरुद्ध?”

“खरे ते लिहितो आहे.”

“मग त्यांच्या पोह्यांबद्दलही खरं ते लिहा.”

लिहीन. पोहे या हकिकतीत येणारच आहेत. टाळू म्हटले तरी टळणार नाहीत.

हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. शिक्षणाने हिशेबनीस, आणि आमच्या कंपनीत करारमदारांचे काम पाहत. समुद्राखालच्या केबलचे आराखडे करून देणारी ती कंपनी; कचेरी बुओना व्हिस्टाला. मी पुण्याचा, अभियंता, मार्ग-आखणी विभागाचा प्रमुख. दोघेही जुरोंग ईस्टला राहत असल्यामुळे सकाळची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, एकच. त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा मरून स्वेटर. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या शहरात बारा महिने स्वेटर घालणारा दुसरा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. कारण विचारले तर म्हणत, “बाहेर सिंगापूर आहे जी, आत तर काश्मीरच आहे ना.” आत म्हणजे कचेरीच्या एसीत. या वाक्यावर लोक दर वेळी हसत. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

पण त्यांची खरी प्रसिद्धी होती ती थांबण्याची. त्यांना काहीही विचारा, ते उत्तर देण्याआधी थांबत. विचार करीत असत असे नव्हे. चेहऱ्यावर विचाराची खूण नसे. नुसते समोरच्याकडे प्रसन्नपणे पाहत राहत. मी गाडीत बसता बसता विचारावे, “काय, त्या कराराचा मसुदा झाला का?” आणि हे क्लेमेंटी स्टेशन येईतो माझ्याकडे पाहत राहावेत. हॉकर सेंटरमध्ये तर नित्याचा तमाशा. काउंटरपलीकडची चिनी मावशी विचारी, साखर हवी की नको? हे तिच्याकडे हसून पाहत. मागे रांग वाढे. शेवटी ती पळी आपटून ओरडे, “अंकल, क्विक लाह! सो मेनी पीपल वेटिंग!” त्यावरही ते आधी थांबत, आणि मग म्हणत, “लेस शुगर.”

दुसऱ्या लेखात या सवयीला ‘एक प्रकारची साधना’ म्हटले आहे. साधनेचा इथे काडीमात्र संबंध नाही. ती सवय धंद्यातून लागलेली होती, आणि तिचे मूळ मी प्रत्यक्ष पाहिलेले असल्यामुळे अधिकाराने सांगू शकतो.

या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला समुद्राखालची एकही केबल पोचलेली नव्हती. तिथला फोन, तिथले इंटरनेट, सगळे उपग्रहावरून चाले. म्हणजे इथून बोललेला शब्द आधी आकाशात चढायचा आणि मग तिकडे उतरायचा. तिकडचे उत्तर पुन्हा तसेच चढून इकडे उतरायचे. तो व्यवहार इतका महाग, की तिथल्या विद्यार्थ्याने सायबर कॅफेत एक पान उघडायचे म्हणजे चैन. आणि आवाजाला इतका उशीर, की इकडचा माणूस प्रश्न विचारून, उत्तर आले नाही असे समजून, पुढचे बोलू लागे. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत, आणि माघार नेहमी पलीकडचाच घेई. हे गृहस्थ तसल्या फोनवर दिवसचे दिवस करारांची बोलणी करीत. तिथे थांबायला शिकले, आणि मग थांबणे सुटले नाही. आम्ही घाई केली की पंजा उभारून म्हणत, “शब्द अजून वर आहे जी. उतरू द्या.”

हे वाक्य स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापले आहे. वाक्य चांगले आहे, हे मी नाकारीत नाही.

त्यांच्या घरचे इंटरनेट हा असाच एक प्रकार. सिंगापुरात घरोघरी ब्रॉडबँड आले, तरी त्यांच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये फोनच्या तारेवर कुरकुरणारा जुनाट मोडेमच होता. आमचा मुलगा तेव्हा शाळेत होता, एकदा त्यांच्या घरी काहीतरी शोधायला बसला आणि वैतागून म्हणाला, “अंकल, युअर नेट सो स्लो! लाइक ग्रँडफादर, लाह!” गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “आफ्रिकेत तुझ्याएवढ्या पोराला जेवढं मिळते, तेवढंच मी घेऊन राहिलो. त्याच्याकडे वाढेल, तेव्हा माझ्याकडे वाढवीन.” सौभाग्यवतींच्या डोळ्यांत तिथेच पाणी आले. त्याच आठवड्यात मी रात्रंदिवस त्या पोराकडे केबल नेण्याचा मार्ग आखत होतो. त्याबद्दल आमच्या घरात कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मला स्मरत नाही.

कचेरीतही त्यांचा हाच हट्ट. आफ्रिकेतल्या भागीदारांना जाणारा प्रत्येक मेल ते उघडून पाहत आणि त्याचे ‘वजन’ करीत. कंपनीचे बोधचिन्ह काढून टाकत. “याचं ओझं त्यांनी काहून वाहावं?” एकदा मी मार्गाचा रंगीत नकाशा पाठवायला काढला होता. खोलीनुसार निळ्याच्या छटा, धोक्याचे पट्टे तांबडे, केबल पिवळी. आमच्या मुख्य साहेबांनी, ते इथलेच चिनी गृहस्थ, तो चौकटीत लावण्याजोगा आहे असे म्हटले होते. आमच्या गृहस्थांनी तो नकाशा मेलमधून उतरवला आणि त्याच्या जागी अक्षांश-रेखांशांची रुक्ष जंत्री टंकून पाठवली.

“माझा नकाशा कुठे गेला?” मी विचारले.

ते थांबले. मला त्या थांबण्याचा त्या दिवशी जेवढा संताप आला, तेवढा पूर्वी आला नव्हता.

“सुंदर आहे जी नकाशा. पण तिथं उघडत नाही. बाई दोन दिवसांपासून उघडून राहिल्या.”

या बाई म्हणजे मार्गावरच्या सर्वांत छोट्या देशाच्या दूरसंचार खात्यातल्या अधिकारी. हुशार, स्पष्टवक्त्या. त्यांचे उत्तर त्याच दुपारी आले. मेल गृहस्थांच्या नावे, मला फक्त प्रत. आभार त्यांचे, शंका मार्गाविषयी. म्हणजे मार्ग माझा, प्रश्न माझ्या मार्गाविषयीचे, आणि विचारायचे मात्र यांना. पुढे कायमचे तसेच चालले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. तो मंडळात चार प्रकारांनी सांगितला जातो आणि चारही चुकीचे आहेत. त्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो. मला ठाऊक असणार, की बुफेच्या रांगेत ऐकलेल्यांना?

भागीदार देशांची बैठक फोनवर होती. आमच्या खोलीत मध्यभागी स्पीकरफोन ठेवलेला. बहुतेक भागीदार त्या दिवशी युरोपातल्या एका शहरात एकत्र जमले होते, त्यामुळे त्यांचा आवाज खणखणीत आणि तत्काळ. एकट्या बाई आपल्या देशातून, उपग्रहावरून बोलत होत्या. मी पहिला प्रश्न ठेवला. केबल किनाऱ्याला लागते तिथे एक केंद्र असते. प्रत्येक देशात त्या केंद्राची किल्ली एकाच कंपनीच्या हाती असावी, आणि पुढे कोणाला, काय दराने विकायचे हे तिचे तिने ठरवावे, असा प्रस्ताव होता. कोणाची हरकत? कोणी बोलले नाही. बैठक पुढे नेणे हे अध्यक्षाचे कर्तव्य असते. मी दुसरा प्रश्न ठेवला: बाईंच्या देशाकडे मुख्य केबलपासून फुटणारी शाखा पहिल्याच टप्प्यात टाकावी का? माझे वाक्य पुरे झाले, आणि बाईंचा आवाज आला, “नो. डेफिनिटली नॉट.”

मी नोंद केली. शाखा पुढच्या टप्प्यात. गृहस्थांनी वाहतूक पोलिसासारखा पंजा उभारला होता. पण तो ते प्रत्येक बैठकीत उभारत. एवढ्यात लाइनवर खरखर झाली आणि बाई गेल्या. तिकडे पाऊस असावा.

बैठक आटोपल्यावर ते माझ्या खुर्चीपाशी आले. “साहेब, ते ‘नो’ पहिल्या प्रश्नाचं होतं.”

“दुसऱ्या प्रश्नानंतर आले.”

थांबले. “आलं नंतर जी. निघालं आधी होतं.”

“कार्यवृत्त सर्वांना जाणार आहे. बाईंची हरकत असेल, तर त्या कळवतील.”

“कार्यवृत्ताला तुमचा नकाशा जोडला आहे. उघडणारच नाही ते.”

यात काय पणाला लागले होते ते वाचकांना सांगितले पाहिजे. केबल कारखान्यात तयार होतानाच, शाखा जिथे फुटायची तिथला सांधा तिच्यात बसवावा लागतो. सांध्याशिवाय केबल एकदा तळाशी गेली, की एका चिमुकल्या देशासाठी ती कोणी समुद्रातून वर काढीत नाही. बाईंच्या देशाने मग किनाऱ्यावर उभे राहून केबल दुरून जाताना पाहायची, आणि आकाशाचे भाडे भरत राहायचे.

दुसऱ्या लेखात सूचित केले आहे, की ती चूक अध्यक्षांची होती. मी हे साफ फेटाळतो. प्रश्न विचारला, शांतता मिळाली; शांततेचा अर्थ संमती, हा सभाशास्त्राचा नियम मी केलेला नाही. दोष असेल तर आकाशातल्या अंतराचा आहे. शिवाय नकाशातून तो सांधा काढून टाकणे हे त्या दिवसानंतर माझे काम होते, आणि मी तो काढला नाही, ही गोष्ट तिन्ही लेखांपैकी एकातही नाही. मुख्य साहेबांनी विचारले, कार्यवृत्तात शाखा नाही, मग आराखड्यात सांधा कसा? मी सांगितले, शाखा पुढच्या टप्प्यात आहे, रद्द नाही. आणि माझ्या मार्गावर कोणते दार ठेवायचे हे मी ठरवणार. ते खर्चाचे बोलू लागले. मी आवाज चढवला. काचेच्या दाराबाहेर माणसे थबकली. मंडळात जी गोष्ट सांगतात, की आमच्या गृहस्थांनी आफ्रिकेसाठी साहेबांच्या खोलीत गर्जना केली, ती गर्जना माझी होती. त्या माणसाने जन्मात आवाज चढवला नाही. माझा मार्ग गेला, नकाशा गेला, आता माझे ओरडणेही त्यांच्या खात्यावर जमा झाले आहे.

मग त्यांनी केले तरी काय? पोहे केले.

पुढची बैठक दुपारची होती; युरोपात तेव्हा सकाळ, आणि बहुतेक भागीदार अजून तिथेच. हे गृहस्थ घरून भलामोठा डबा आणि थर्मास घेऊन आले. नागपूरकडे पोह्यांवर तिखटजाळ हरभऱ्याची तर्री ओततात, तो ऐवज. मला वाटले, बैठकीनंतर नाश्ता असेल. प्रत्यक्षात, मी पहिला प्रश्न पुन्हा एकदा ठेवण्याची त्यांची विनंती मान्य केली (मी मान्य केली, हेही लिहून ठेवावे), आणि प्रश्न विचारून होतो न होतो तोच त्यांनी प्रत्येकापुढे वाफाळती बशी सरकवली. मुख्य साहेबांनी चमचाभर तोंडात घातले आणि त्यांचे कान लाल झाले. “वा! शिओक, लाह,” म्हणजे झकास, एवढे कसेबसे म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. बाकीचे पाणी शोधू लागले. सगळ्यांची तोंडे भरलेली, जिभा पोळलेल्या. युरोपातल्या मंडळींना काय वाटले देव जाणे. आमच्याकडून एकही आवाज जाईना, म्हणून तेही गप्प राहिले.

खाल्ले नाही ते फक्त मी. माझ्या हातात पेन होते. मी “सो, देन—” एवढे उच्चारले असेन, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “साहेब, शब्द वर आहे जी.”

आणि शब्द उतरला. बाई बोलल्या त्या सावकाश, सलग, कोणी मध्ये न तोडता, बहुधा पहिल्यांदाच. म्हणाल्या, मागच्या वेळी मी नाही म्हटले ते किल्लीला. किल्ली एकाच्या हाती राहिली, तर केबल आमच्या वाळूपर्यंत येईल आणि तिथेच थांबेल; पुढच्या गल्लीतल्या मुलाला जो दर आज पडतो तोच उद्या पडेल. जो कोणी विकत घेऊ इच्छील, त्या प्रत्येकाला सारख्या दराने मिळाले पाहिजे. हे मान्य नसेल, तर आमच्या देशाला तुमच्या केबलचा उपयोग काय? आणि शाखा? शाखा नको असे आम्ही कधी म्हणालो? शाखेसाठीच तर मी या खुर्चीवर बसले आहे.

युरोपाकडून कोणी हरकत घेतली, कोणी दुजोरा दिला. वाद पुष्कळ झाला. अखेर सारख्या दराचे कलम करारात गेले. ते कलम आमच्या गृहस्थांनी लिहिले, आणि उत्तम लिहिले. शाखेचे काय, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता सांधा बसवायचा तर कारखान्याचे वेळापत्रक कोलमडणार, असे साहेब म्हणाले. मी म्हणालो, “सांधा आहे.” एवढेच. मला वाटले, खोलीत काहीतरी होईल. झाले असे, की साहेबांनी गृहस्थांकडे वळून विचारले, अजून पोहे आहेत का?

सौभाग्यवतींना दिलेल्या वचनाप्रमाणे लिहितो: पोहे मी नंतर चाखले. चांगले होते. लोक सांगतात तितके नव्हे.

तिसऱ्या लेखाचा समाचार थोडक्यात घेतो. त्यात म्हटले आहे, की आफ्रिकेच्या कामासाठी त्यांनी बढती नाकारली. बढतीची जागा एकच होती आणि ती मला मिळाली. जी वस्तू देऊ केलेलीच नाही, ती नाकारता येत नाही. त्या बढतीची मेजवानी मी आमच्या घरी दिली होती. पाहुणे माझे, घर माझे, श्रीखंड माझ्या घरचे. थोड्या वेळाने पाहतो, तर सगळी मंडळी बाल्कनीत त्यांच्याभोवती कोंडाळे करून उभी, आणि ते एका लहान मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी थांबलेले. दहा-बारा मोठी माणसे श्वास रोखून वाट पाहत होती. मी दिवाणखान्यात श्रीखंडाचे भांडे घेऊन उभा होतो. मला अजूनही कळलेले नाही, की माणसांनी ज्याच्या बोलण्याची अशी वाट पाहावी, असे त्या माणसात काय होते.

त्या दशकाच्या अखेरीस केबल सुरू झाली. आमच्या कचेरीत छोटासा समारंभ होता. बाई त्यांच्या देशातून त्या नव्या केबलवरून बोलणार होत्या, आणि सिंगापूरकडून पहिले बोलण्याचा मान साहेबांनी या गृहस्थांना दिला होता. मार्ग आखणाऱ्याला नव्हे. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

घंटा वाजली. “गुड आफ्टरनून, सिंगापूर!” आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. सगळ्यांनी गृहस्थांकडे पाहिले. आणि ते थांबले.

“हॅलो?” बाई म्हणाल्या. “हॅलो? आर यू देअर?”

लाइन तुटली असे त्यांना वाटले. वाटणारच, आता आकाशात काहीच उरले नव्हते, शब्द निघता क्षणी पोचत होता. ते मात्र जुन्या अंतराएवढे थांबून राहिले, आणि मग गोंधळून माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ पाहिला. मी पुढे वाकलो आणि म्हणालो, “येस, मॅडम. वी आर हिअर.”

सिंगापूरहून त्या केबलवरून गेलेला पहिला आवाज माझा आहे. स्मरणिकेत तो कोणाचा म्हणून छापला आहे, हे सांगण्याची गरज नाही. बाईंनी त्यावर “ओ, इट्स यू!” असे म्हटले, आणि लगेच विचारले, ते कुठे आहेत?

त्यानंतरच्या गणेशोत्सवात मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. आफ्रिकेला जोडणारा मराठी माणूस, असा फलक लावला होता. मी जाणार नव्हतो. सौभाग्यवती म्हणाल्या, “न गेलात तर लोक म्हणतील, जळतात. आणि गेलात तर निदान जेवून तरी याल.” गेलो. पुढून दुसऱ्या रांगेत बसलो.

मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरवली, श्रीफळ दिले, आणि नॅपकिनची ती गोष्ट सांगितली. मी ती तेव्हा प्रथम ऐकली. मग सत्कारमूर्तींना बोलण्याची विनंती झाली. ते माइकपाशी गेले आणि नेहमीप्रमाणे थांबले. कोणीतरी हलकेच म्हणाले, “कंठ दाटून आलाय बघा.” टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या संपेपर्यंतही ते थांबले. मग म्हणाले:

“हे काही खरं नाही जी. मार्ग तर यांनी आखला.” त्यांनी माझ्याकडे बोट केले. “सगळे नको म्हणत होते, तेव्हा तो सांधाही यांनीच राखला. साहेबांशी भांडले. तो सांधा नसता, तर त्या बाईंचा देश आजही आकाशाकडेच पाहून राहिला असता. मी तर पोहे केले फक्त.”

सभागृहात हशा पिकला. मग ‘वा, वा’ सुरू झाले. माझ्या पाठीमागे एक बाई आपल्या मुलाला सांगत होत्या, “बघ, किती मोठा माणूस, आणि किती नम्र!” ते मंचावरून उतरले, चालत माझ्यापाशी आले, अंगावरची शाल काढून त्यांनी माझ्या खांद्यांवर घातली. “हे तुमचं आहे साहेब,” असे म्हणाले, पहिल्यांदाच, अजिबात न थांबता. लोक उठून उभे राहिले. उभे राहिले ते त्यांच्यासाठी. टाळ्या वाजल्या त्या त्यांच्यासाठी. माझ्या हक्काची प्रत्येक गोष्ट त्यांनी भर सभेत, माझे नाव घेऊन, एकही शब्द कमी-जास्त न करता सांगितली होती, आणि त्या शेकडो माणसांतल्या एकानेही ती खरी मानली नाही. त्यांच्या तोंडून ती आल्यामुळे तो विनय ठरला. माझ्या तोंडून आली असती, तर बढाई ठरली असती. या हिशेबात मी कुठे बसतो, ते स्मरणिकाकारांनी मला दाखवून द्यावे.

पुढे ते नागपूरला परतले आणि तिथेच वारले. ही हकिकत अशीच घडली, हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही.

सत्काराच्या त्या दिवशी घरी परतताना एमआरटीत सौभाग्यवतींनी शाल माझ्या खांद्यावरून काढून नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. डोव्हर गेले, क्लेमेंटी आले. मग त्या म्हणाल्या, “अहो, उद्या जाऊन ही त्यांना परत द्यायला हवी. सत्कार त्यांचा होता.”

“मुळीच देणार नाही,” मी म्हणालो. “त्या सभागृहात आज एकच माणूस खरं बोलला. आणि तो म्हणाला, ती माझी आहे.”